फिरंग : एका तरवारीची नावे आणि त्यांचा वापर

फिरंग म्हणजे परदेशी पाते आणि देशी मूठ यांची तरवार. पाते युरोपात घडलेले, बहुधा सरळ, साधारण तीन फूट लांब, कधी एकधारी तर कधी दुधारी. मूठ इथल्या कारागिराने इथल्या हाताच्या मापाने बसवलेली. सोळाव्या शतकात अशी पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागली आणि पुढची दोन-अडीचशे वर्षे दख्खनी सुलतानांच्या, मोगलांच्या व मराठ्यांच्या फौजांत ती चालली. हे नाव तरवारीच्या घाटावरून पडलेले नाही, पात्याच्या मुलखावरून पडले आहे. ही साधी गोष्ट नजरेआड झाली की फिरंग, धोप, खांडा, पट्टा, भवानी या नावांचा जो गुंता होतो तो काही केल्या सुटत नाही. गेल्या दीडशे वर्षांत मराठा शस्त्रांवर जे वाद झाले, त्यांतले बरेचसे याच गुंत्यातून निघाले आहेत.

शब्दाचा प्रवास लांबचा आहे. मध्ययुगात पश्चिम युरोपच्या मोठ्या भागावर फ्रँक लोकांचे राज्य होते. धर्मयुद्धांच्या काळात पश्चिमेकडून चालून आलेल्या साऱ्याच ख्रिस्ती लोकांना अरब एकजात ‘इफ्रंज’ म्हणू लागले. फारसीत त्याचे ‘फरंग’ आणि ‘फरंगी’ झाले आणि दरबारी फारसीच्या वाटेने ते दख्खनात आले. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतले. तेव्हापासून कोकणात फिरंगी म्हणजे पोर्तुगीज हा अर्थ पक्का झाला. आज फिरंगी म्हणजे कोणीही गोरा माणूस, पण जुन्या मराठी कागदांत असा ढिलेपणा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार अशी दर्यावर्दी व्यापाऱ्यांची वेगवेगळी नावे येतात आणि सर्वांना मिळून टोपीकर म्हटले जाते. वलंदेज म्हणजे डच, फरासीस म्हणजे फ्रेंच, डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे. यांत फिरंगी फक्त पोर्तुगीज.

या एका शब्दाचा मराठीत केवढा पसारा झाला तो पाहण्याजोगा आहे. वसईच्या बाजूचा पोर्तुगीजांचा मुलूख म्हणजे फिरंगाण. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात उपदंशासारख्या नव्या रोगाला फिरंगरोग असे नाव मिळाले, कारण तो त्या लोकांबरोबर आला असे वैद्यांचे मत होते. १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या वेढ्यात चाकणचा किल्ला लढवणारा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. रोगाला आणि किल्लेदाराला एकच शब्द चालावा, यात त्या काळच्या लोकांना काही खटकले नाही. जे नवे, दुरून आलेले आणि जबर, ते फिरंगी. तरवारीलाही हेच नाव मिळाले, आणि तरवारीच्या बाबतीत तरी त्यात निंदा नव्हती, वाखाणणी होती.

व्याकरणाचाही थोडा भाग आहे. फिरंग हे नाम स्त्रीलिंगी, अनेकवचन फिरंगा. जुन्या लेखनात ‘एक पट्टा व एक फिरंग’ या थाटात ते स्वतंत्र उभे राहते, त्याला तरवार या शब्दाचा टेकू लागत नाही. ‘फिरंगी’ हे विशेषण: फिरंगी तरवार, फिरंगी तोफ. इंग्रजी ग्रंथांत तरवारीचे नाव ‘फिरंगी’ असेच छापले जाते आणि तेच आता मराठीतही परत येऊ लागले आहे. मराठी लेखनाची जुनी रूढी पाहता तरवार ती फिरंग आणि माणूस तो फिरंगी, हा भेद पाळणे बरे. ‘तरवार’ आणि ‘तलवार’ यांतले पहिले रूप संस्कृत ‘तरवारि’ला जवळचे. बखरींत तेच आढळते आणि मालवणीच्या बोलण्यातही तेच टिकले आहे.

आता वस्तूकडे. फिरंगेचे पाते लवचिक असते; वाकवून सोडले की सरळ होते. देशी पोलाद, म्हणजे ज्याला वूट्झ म्हणून जगभर ख्याती मिळाली ते, धारेला अप्रतिम. वाकड्या, चिरत जाणाऱ्या तरवारीला त्याच्यासारखे दुसरे नाही. पण लांब, सरळ, पातळ पाते त्याचे करायचे तर ते तडकण्याची भीती. सोलिंगेन, पासाऊ, टोलेडो, जेनोआ, बेल्लुनो या गावांच्या कारागिरांनी लांब पात्याला लवचिकपणा देण्याची कला साधली होती. पात्याच्या अंगावर मुठीपासून पुढे एक, दोन किंवा तीन उथळ नळ्या खोदलेल्या असतात. रक्त वाहून जावे म्हणून त्या असतात असे हमखास सांगितले जाते. त्यात तथ्य नाही. नळीमुळे लोखंड कमी लागते, पाते हलके होते आणि तरीही त्याचा ताठपणा जात नाही, एवढेच तिचे काम.

पात्यावरच्या खुणा हा या विषयातला सर्वात गमतीचा भाग. पासाऊच्या कारागिरांची खूण धावता लांडगा. पुढे सोलिंगेनवाल्यांनी ती उचलली. चार-सहा रेघांत ओरखडलेला हा लांडगा इतका कसाबसा असतो की सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. त्याच्या शेजारी कधीकधी १४१४ हा आकडा असतो. तो सन नव्हे. तो शुभ मानलेला आकडा आहे आणि सतराव्या शतकातल्या पात्यांवरही तो सापडतो. आकड्यावर विश्वास ठेवून तरवार अडीचशे वर्षांनी जुनी ठरवल्याची उदाहरणे कमी नाहीत. इटालियन पात्यांवर पापण्यांसारख्या दातेरी दोन चंद्रकोरी असतात, काहींवर ‘जेनोआ’ अशी अक्षरे, काहींवर आंद्रेआ फेरारा या नामांकित कारागिराचे नाव. ही नावे म्हणजे मालाच्या दर्जाची हमी होती, म्हणून त्यांची नक्कल युरोपातच सुरू झाली. मग हिंदुस्थानातले कारागीर तरी मागे कसे राहतील? देशी पात्यांवर उमटवलेल्या चंद्रकोरी आणि रोमन अक्षरे मुबलक सापडतात. अक्षरे न येणाऱ्या हाताने ती कोरलेली असतात, त्यामुळे उलटीसुलटी. अशा पात्याच्या तरवारीला फिरंग म्हणायचे का? विकणारा तर म्हणतच होता आणि वापरणाऱ्यालाही बहुधा चालत होते. शब्दाचा अर्थ ‘फिरंगाणातून आलेली’ इथून ‘फिरंगी धर्तीची’ इकडे सरकला तो असा.

मूठ मात्र अस्सल इथली. फिरंगेला बहुधा टोपलीसारखी पसरट परज असलेली मूठ बसवत. हात झाकणारा रुंद पत्रा, आतून कापडाची किंवा मखमलीची गादी, मागे तबकडी आणि तबकडीतून निघालेला एक आखूड दांडा. हा दांडा शोभेचा नाही. दोन हातांनी वार घालायचा तर दुसरा हात त्यावर पडतो आणि तरवार म्यानात असताना तळहात टेकायला तो उपयोगी येतो. बागलाणातल्या मुल्हेरचे नाव अशा मुठींच्या एका घाटाला चिकटले आहे: मुल्हेरी मूठ. साध्या वाकड्या तरवारीत पात्याचे शेपूट मुठीच्या पोकळीत लाख-राळ ओतून पक्के करतात. लांब फिरंगेला एवढ्याने भागत नाही, कारण वाराचा झटका सगळा सांध्यावर येतो. म्हणून मुठीतून पात्याच्या दोन्ही अंगांवर लोखंडी पट्ट्या उतरवून त्या आरपार खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. जुन्या संग्रहातली फिरंग हातात घेतली तर या खिळ्यांची डोकी बोटाला लागतात, आणि काही ठिकाणी पट्टीच्या कडेखाली परदेशी कारागिराची खूण अर्धी झाकली गेलेली दिसते. मूठ बसवणाऱ्याला त्या खुणेचे कौतुक नव्हते. त्याला सांधा पक्का हवा होता.

ही पाती मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर कशी आली, याचे उत्तर नकाशातच आहे. दक्षिणेला गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल. उत्तरेला मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचे काम सुरू केले. मध्ये कुडाळ प्रांत आणि सावंतवाडीचे भोसले सावंत. आधी आदिलशाहीचे देसाई, मग कधी मराठ्यांकडे, कधी पोर्तुगीजांकडे झुकून आपले राज्य राखणारे. वेंगुर्ल्यात १६३७ मध्ये वलंदेजांनी वखार घातली. गोव्याची कोंडी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना रसद लागे, ती इथून जाई. चार दर्यावर्दी सत्तांची अशी दाटी असलेल्या पट्टीत परदेशी लोखंड पोहोचले नसते तरच नवल. ख्रिस्ती नसलेल्यांना शस्त्रे विकण्यास पोपची मनाई होती, तिच्याबरोबर बहिष्काराची धमकीही होती. व्यापाऱ्यांनी ती कितपत मनावर घेतली हे दख्खनभर विखुरलेल्या पात्यांच्या संख्येवरून कळते. पाती सुटी येत; मुठीशिवायचे पाते जागा कमी घेते आणि मूठ तर ज्याच्या त्याच्या पसंतीची लागते. बंदरातून ती रामघाटाने बेळगावकडे किंवा इतर घाटवाटांनी कोल्हापूर-साताऱ्याकडे चढत. विकत घेतलेल्या मालाखेरीज लुटीचा, जप्तीचा आणि फुटलेल्या गलबतांचा मालही असणारच. या किनाऱ्यावर खडकांची वाण कधीच नव्हती.

फिरंगेच्या शेजारची नावे तपासल्याशिवाय तिचा अर्थ नेमका होत नाही. धोप ही लांब, सरळ किंवा अगदी किंचित झुकलेल्या पात्याची तरवार. नाव घाटाचे, पाते कुठलेही असो. विल्यम अर्विन याने मोगल फौजेवरच्या १९०३ मधल्या पुस्तकात ‘धूप’ नावाच्या तरवारीचे वर्णन केले आहे: सरळ, सुमारे चार फुटी पात्याची, दख्खनकडून मोगलांनी उचललेली आणि थोरामोठ्यांच्या पुढे मखमली वेष्टनात उभी धरून मिरवली जाणारी. ही धूप म्हणजे आपलीच धोप. मोगलांनी दख्खनचे शस्त्र मानाचे म्हणून उचलावे, ही मराठी लेखकांनी जितकी सांगायला हवी तितकी न सांगितलेली गोष्ट आहे. धोपेला फिरंगी पाते असले तर ती एकाच वेळी धोपही आणि फिरंगही. खांडा ही रुंद, सरळ, जड पात्याची तरवार, टोकाकडे पसरणारी. ‘खड्ग’ या शब्दाचाच हा देशी अवतार. जेजुरीच्या दसऱ्याला उचलून तोलून धरतात तो खंडा सुमारे ४२ किलोचा, अर्थात देवाचा. माणसाचा खांडा एवढा नसतो. पट्ट्यात पात्याला नेहमीची मूठच नाही. हात कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत जातो आणि मनगट वाकायला जागा राहत नाही. सारा फिरकाव खांद्याचा आणि कमरेचा. पट्ट्यांसाठी लवचिक पाते लागते, म्हणून फिरंगी पाती पट्ट्यांनाही मोठ्या प्रमाणावर बसवलेली दिसतात. २०२४ मध्ये राज्य शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून मान दिला.

बाकीची नावे थोडक्यात सांगून भागेल. समशेर हा फारसी शब्द मराठीत पदव्यांपुरता आणि पल्लेदार भाषेपुरता उरला. बाजीरावाच्या मुलाचे नाव समशेरबहादर होते ते याच तोऱ्यातले. तेगा म्हणजे रुंद, वाकड्या पात्याची. किरच सरळ, अरुंद, भोसकण्याची. इंग्रजी अमलात अंमलदारांच्या कमरेच्या तरवारीला हे नाव लागले आणि आता ते काचेच्या धारदार तुकड्यापुरते उरले आहे. गुप्ती म्हणजे काठीत लपवलेले पाते, ती या कुळात मोडत नाही. या यादीत काही नावे घाटाची, काही वापराची, काही भाषेच्या दर्जाची आहेत. मुलखाचे नाव म्हणून फिरंग त्यांत एकटी पडते, आणि म्हणूनच तिची गाठ दुसऱ्या प्रत्येक नावाशी पडू शकते.

जुन्या लेखनात हे नाव कसे येते? कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीस राजाराम महाराजांसाठी बखर लिहिली. अफझलखानाच्या भेटीच्या प्रसंगात तो जिवा महाला आणि संभाजी कावजी यांच्याजवळची शस्त्रे नोंदवतो: पट्टा, फिरंग आणि ढाल. दोघेही महाराजांचे निवडक मर्दाने. पट्टा आणि फिरंग अशी दोन वेगळी नावे एकाच दमात येतात, यावरून एक गोष्ट उघड होते. पट्ट्याचे पाते फिरंगी असले तरी त्याला फिरंग म्हणत नसत. फिरंग म्हणजे मुठीत धरायची तरवारच. दुसरा पुरावा राजव्यवहारकोशाचा. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या या कोशात दहा वर्ग आहेत आणि त्यांतला एक शस्त्रवर्ग. दरबारी वापरातल्या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय द्यावेत हा त्याचा हेतू. कोशकारांनी पर्याय दिले, कारकुनांनी काही वर्षे ते लिहिले, शिलेदारांनी मात्र ते तोंडात घेतले नाहीत. शस्त्राचे नाव ते धरणाऱ्याच्या जिभेवर ठरते. खड्ग आणि कृपाण ही नावे पोथीत राहिली, फौजेत तरवार, पट्टा, धोप आणि फिरंग चालल्या.

सर्वात स्पष्ट पुरावा अलीकडेच घरी आला. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची तरवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने ती विकत घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली. पाते सरळ, एकधारी, युरोपी बनावटीचे. मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याची कोफ्तगरी, म्हणजे लोखंडात ठोकून बसवलेली नक्षी. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरी लेख आहे. त्यात रघूजींचे नाव, ‘सेनासाहेबसुभा’ हा छत्रपती शाहूंनी दिलेला किताब आणि अखेरीस ‘फिरंग’ हा शब्द येतो. म्हणजे मालकाने स्वतः आपल्या तरवारीला काय म्हटले ते तिच्याच अंगावर लिहिलेले आहे. त्यात धोप नाही, खांडा नाही, तरवार हा शब्दही नाही. अठराव्या शतकात एवढ्या मोठ्या सरदाराला आपले पाते परके असल्याचे लपवावेसे वाटले नाही, उलट ते सोन्याने लिहावेसे वाटले, यातच सगळे आले.

भवानी तरवारीचा प्रश्न या पार्श्वभूमीवर पाहिला तर बराच सोपा होतो. साताऱ्यास कंपनीचा अधिकारी म्हणून राहिलेल्या जेम्स ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात शिवाजी महाराजांची तरवार उत्तम जेनोई पात्याची असून साताऱ्याच्या राजांकडे ती मोठ्या भक्तिभावाने जतन केली आहे, असे तो सांगतो. कोकणातली परंपरा ती सावंतांकडून आली असे मानते. गोवलेकर सावंतांनी ती महाराजांना दिली आणि महाराजांनी ३०० होन देऊन त्यांचा गौरव केला, हा तिचा नेहमी सांगितला जाणारा तपशील. १६५९ मध्ये वाडीच्या लखम सावंतांचा महाराजांशी तह झाला होता, त्यामुळे काळाच्या दृष्टीने ही हकिकत बसते. दोन्ही विधाने एकमेकांना छेद देत नाहीत. जेनोआचे पाते गोव्याच्या बाजूने सावंतांच्या हाती आणि तिथून महाराजांकडे, ही या किनाऱ्यावरच्या कोणत्याही फिरंगेची स्वाभाविक वाट आहे. देवीने प्रकट होऊन तरवार दिली ही कथा त्याच तरवारीची दुसरी बाजू. शस्त्राला कुलस्वामिनीचे नाव दिले की कथा तिच्यामागून आपोआप येते. भवानी हे तिचे पूजेचे नाव आणि फिरंग हे तिच्या पात्याचे. एक मानले म्हणजे दुसरे खोटे ठरत नाही.

घोळ पुढे झाला. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचे युवराज, पुढचे सातवे एडवर्ड, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपतींकडून त्यांना एक तरवार नजर झाली. शिवाजी महाराजांची म्हणून नोंदलेली ती तरवार आजही इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिची मूठ हिरे-माणकांनी मढवलेली, पाते सरळ, युरोपी, नळीदार. एका नळीत आय-एच-एस ही अक्षरे तीनदा ठसवलेली. ही अक्षरे म्हणजे येशूच्या नावाचा ग्रीक संक्षेप. कोल्हापूरच्या नोंदींच्या आधारे अभ्यासक तिला जगदंबा म्हणतात. पण लंडनला तरवार आहे आणि ती महाराजांची आहे, म्हणजे ती भवानीच, असे समीकरण लोकांच्या मनात बसले. १९८० मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी भवानी परत आणण्याचा विषय काढला तेव्हा या समीकरणाला राज्यभर उजाळा मिळाला. साताऱ्याच्या जलमंदिर राजवाड्यातली तरवार वेगळीच; तिच्यावर शाहूंचे नाव कोरलेले आहे. भवानी आणि जगदंबा यांच्याबरोबर महाराजांच्या तरवारीचे म्हणून सांगितले जाणारे तिसरे नाव तुळजा. शिवाजी महाराजांजवळ एकच तरवार असावी हा आग्रह मुळात विचित्र आहे. ज्या राजाच्या मर्दान्याजवळ पट्टा आणि फिरंग अशी दोन पाती असत, त्याच्या स्वतःच्या शिलेखान्यात अनेक असणार. सतराव्या शतकाच्या अखेरीस दख्खनी चित्रकारांनी काढलेली आणि हॉलंडात पोहोचलेली महाराजांची जी चित्रे आहेत, त्यांत त्यांच्या हाती लांब, सरळ पात्याची तरवार दिसते. तिला धोप म्हणणे चित्रावरून शक्य आहे. फिरंग म्हणायचे तर पात्यावरची खूण पाहायला हवी, आणि चित्रात ती दिसत नाही.

टोलेडोच्या राजकारखान्यात खास महाराजांसाठी तरवार घडवली गेली, असे लोकप्रिय लिखाणात अधूनमधून वाचायला मिळते. त्याला आधार दिला जात नाही आणि त्याची गरजही नाही. पाती डझनांनी विकली जात होती. चांगले पाते ओळखून निवडणे, हीच राजाची पारख.

नावांना आजचे काटेकोर रूप आले ते एकोणिसाव्या शतकातल्या सूचीकारांमुळे. विल्ब्रहम एगर्टन याने १८८० मध्ये हिंदुस्थानी शस्त्रांची सचित्र सूची काढली. संग्रहालयात वस्तूला एक क्रमांक आणि एक नाव लागते, म्हणून एका तरवारीला एकच नाव देण्याची पद्धत पडली. टोपलीच्या मुठीची ती खांडा, तिलाच परदेशी पाते असले तर फिरंगी, मूठ हलकी असली तर धोप, अशा कप्पेबंद व्याख्या झाल्या. संग्राहकाला त्या सोयीच्या आहेत. सतराव्या शतकातल्या शिलेदाराला त्या ऐकवल्या असत्या तर तो चक्रावला असता. हा काही आपल्याकडचाच प्रकार नाही. युरोपातल्या मध्ययुगीन सरळ तरवारींना आज जी ‘ब्रॉडसोर्ड’ वगैरे नावे लावतात, ती नंतरच्या काळात, सडपातळ तरवारी रूढ झाल्यावर, जुनीला वेगळे काढण्यासाठी पडली. ज्यांनी त्या चालवल्या त्यांच्या लेखी ती नुसती तरवार होती. मराठीत तरी निदान बखरी आणि पात्यांवरचे लेख आहेत. म्हणून मराठी नोंदीत पाते, मूठ आणि मालकाने दिलेले नाव या तीन गोष्टी तीन रकान्यांत वेगळ्या लिहिणे अधिक सुरक्षित. ‘भवानी, फिरंगी पात्याची धोप’ असे लिहिले तर त्यात विसंगती काही नाही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फिरंग मागे पडली. बंदुकीचे महत्त्व वाढले, घोडदळाच्या लढाईचे रूप बदलले आणि वाकडी, आखूड, पेलायला सोपी तरवार सर्वत्र झाली. सावंतवाडीत १८४४-४५ चे बंड मोडल्यावर आणि पुढे १८७८ च्या शस्त्रकायद्यानंतर तरवार घराच्या कोपऱ्यात गेली. शिकलगारांचा पात्यांना धार-पाणी देण्याचा धंदा सुऱ्या, विळे आणि कात्र्यांवर आला. दक्षिण कोकणात तरवार उरली ती देवळात आणि रंगमंचावर. दसऱ्याला तरंगांबरोबर, म्हणजे देवांच्या सजवलेल्या खांबांबरोबर, अवसारी (ज्याच्या अंगात देव येतो तो) उभा राहतो, त्याच्या हातात ती असते. दशावतारी नाटकात राजा आणि राक्षस यांचे युद्ध लोखंडी तरवारींनी रंगते. पखवाज आणि झांजेची लय चढत जाते आणि पाती ठरावीक मात्रांवर खणखणतात. तिथे हातातली सरळ असो की वाकडी, बोलताना ती तरवारच. खंडेनवमीला कोकणातल्या घरात कोयते, पारय (पहार), सुताराची हत्यारे पाटावर मांडून पूजली जातात. सणाच्या नावात मात्र खांडा टिकून आहे.

बोलीतले वाक्प्रचार पाहिले तर फिरंगेची उणीव ठळक दिसते. तरवार उपसतात, परजतात, म्यान करतात. एका म्यानात दोन तरवारी राहत नाहीत. युक्तिवाद दुधारी असतो. भांडणात तोंडाचा पट्टा सुटतो. फिरंगेवर असा एकही प्रयोग रुळलेला नाही. बाकीची नावे घरातल्या, देवघरातल्या आणि आखाड्यातल्या वस्तूंची होती. फिरंग ही सौदागराच्या आणि शिलेदाराच्या तोंडची मालाची जात होती, आणि माल यायचा थांबला तसे तिचे नावही बोलण्यातून गेले. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे ‘फिरंगी’ हा शब्द तेरेखोलपलीकडच्या पोर्तुगीजांसाठी १९६१ पर्यंत वापरात राहिला. त्याच शब्दाने एकेकाळी तरवारही ओळखली जात असे, हे आता बखरी वाचणाऱ्यांना आणि संग्रहालयाची पाटी लिहिणाऱ्यांनाच ठाऊक आहे.